काढलेली नक्कल पुन्हा उगवते तेव्हा : मजकूरचोर संकेतस्थळांचा बंदोबस्त

समस्येचे स्वरूप

आपण लिहिलेला लेख किंवा काढलेली छायाचित्रे दुसऱ्याच संकेतस्थळावर, दुसऱ्याच्या नावाने आणि जाहिरातींच्या गराड्यात दिसतात. तक्रार केल्यावर ती काही दिवस नाहीशी होतात आणि पुढे त्याच किंवा वेगळ्या नावाच्या संकेतस्थळावर जशीच्या तशी पुन्हा उगवतात. मोर्शी-वरूड भागातील संत्रा बागायतदार आपल्या बागेतील अंबिया बहाराच्या नोंदी लिहितो, वर्धा-यवतमाळकडे कुणी कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे निरीक्षण छायाचित्रांसह मांडतो, कुणी ताई रोडगे आणि पातोडीच्या रश्श्याची कृती टाकतात, झाडीपट्टीतील (पूर्व विदर्भातील) नाटक मंडळी आपल्या प्रयोगाची झलक दाखवतात. या साऱ्यांकडून प्रश्न मात्र एकच ऐकू येतो, तो म्हणजे एकदा काढायला लावलेला मजकूर पुन्हा आला कसा. पुढील विवेचन या ‘पुन्हा’ पुरतेच आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला अभिमानापलीकडची एक बाजू आहे. शेतीविषयक लेखात आपण फवारणीचे प्रमाण किंवा काळजीच्या सूचना नंतर दुरुस्त करतो. नक्कल करणाऱ्याच्या पानावर जुनाच मजकूर राहतो, आणि शोधयंत्राने तेच पान वर दाखवले तर शेतकरी जुनेच प्रमाण वाचून पंप भरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे ज्यांना आठवते त्यांना शिळ्या नकलेचा धोका वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या विषयावरचे बहुतेक सल्ले चोराला पत्र लिहिण्यापासून सुरू होतात. माझ्या मते तेथेच वेळ वाया जातो. त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा आपला मजकूर कोणत्या वाटेने बाहेर जातो ते शोधावे, आणि चोराचे संकेतस्थळ कोणकोणत्या कंपन्यांच्या आधारावर उभे आहे ते पाहून त्या कंपन्यांना लिहावे. यांपैकी पहिले काम राहून गेले की नक्कल परत येते आणि दुसरे राहून गेले की ती हलतच नाही.

तक्रारीपूर्वी : खरोखर काय आपले आहे

कॉपीराइट कायदा, १९५७ हा मांडणीला संरक्षण देतो, माहितीला किंवा कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. डोमकळी (अळीमुळे न उमललेले कपाशीचे फूल) दिसली की बोंडअळी आत आहे, किंवा कामगंध सापळ्यात (गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) पतंग किती अडकले यावरून निर्णय घ्यावा, ही माहिती अकोल्याच्या कृषी विद्यापीठापासून गावच्या कृषी सहायकापर्यंत सारेच सांगतात आणि ती कुणा एकाची होऊ शकत नाही. ती सांगताना आपण रचलेली वाक्ये, आपल्या धुऱ्यावर उभे राहून काढलेली छायाचित्रे आणि आपण आखलेला तक्ता मात्र आपला असतो. शासन निर्णयाचा मूळ मजकूर आपला नसतो, त्याचे आपण केलेले स्पष्टीकरण आपले असते. रोडग्यांच्या साहित्याची यादी कुणीही लिहील, पण ते गोवऱ्यांच्या आरात कसे भाजावेत याचे आपण केलेले वर्णन उचलले असेल तर तक्रार उभी राहते.

कॉपीराइटसाठी नोंदणी करावीच लागते हा समज चुकीचा आहे. कृती निर्माण झाली की हक्क लागू होतो आणि लेखनाच्या बाबतीत तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणीचा उपयोग न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून होतो. साहित्यकृतीसाठी तिचे शुल्क एका कृतीमागे ५०० रुपये आहे. प्रत्येक लेख नोंदवत बसणे परवडणारे नाही, परंतु वर्षानुवर्षे वापरला जाणारा मोठा मार्गदर्शक लेख किंवा पुस्तिका असेल तर तो खर्च करावा.

समीक्षेसाठी किंवा चालू घडामोडींच्या वृत्तासाठी आपले चार-सहा ओळींचे अवतरण नाव देऊन घेतले असेल तर त्याला चोरी म्हणता येत नाही, कारण कलम ५२ अशा उचित वापराला मुभा देते. शेतकरी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी आपला पूर्ण लेख टाकला तर तेथे कायदा काढण्यापेक्षा ‘पुढच्या वेळी दुवा टाका भाऊ’ एवढे म्हणणे पुरते. आणि आपल्याच पानांवर गूगलवरून उचललेली छायाचित्रे असतील तर ती तक्रारीआधी काढून टाकावीत. समोरचा उलट तक्रार करतो तेव्हा नेमके तेच शोधतो.

झाडीपट्टीच्या नाटकांबाबत हक्काचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. प्रयोग मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर टाकणाऱ्याला नाटकावर हक्क मिळत नाही, हे खरे. पण तक्रार करणाऱ्या मंडळीकडे तरी तो आहे का, हेही पाहावे लागते. संहितेचा पहिला हक्क सर्वसाधारणपणे लेखकाचा असतो आणि तो दुसऱ्याकडे द्यायचा तर लेखी करार लागतो. कलावंतांना आपल्या सादरीकरणाचे हक्क वेगळे असतात. वडसा (देसाईगंज) येथून दिवाळीनंतर हंगाम सुरू होण्याआधीच मंडळीच्या व्यवस्थापकाने लेखकाकडून, तक्रारीचा अधिकार स्पष्ट नमूद करणारे पत्र घेऊन ठेवले, तर ऐन मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या) धामधुमीत लेखकाची सही मिळवण्यासाठी धावपळ होत नाही.

नक्कल शोधणे

आपल्या लेखाच्या मधल्या भागातील आठ-दहा शब्दांचे, गावाचे नाव किंवा स्वतःचे मोजमाप असलेले वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. पहिला परिच्छेद अनेकदा बदललेला असतो, मधला भाग बदलण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही. मराठीत येथे एक खास अडचण येते. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’ अशा शब्दांतील र संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकित होतो. दिसायला अक्षर सारखे असले तरी शोधयंत्राला ते वेगळे वाटू शकते आणि नक्कल समोर असूनही सापडत नाही. म्हणून शोधासाठी असा र नसलेले वाक्य निवडावे. त्याच वाक्यावर गूगल अलर्ट (ते वाक्य नव्याने दिसले की ईमेल पाठवणारी सोय) लावून ठेवला की रोज शोधण्याचा त्रास वाचतो. छायाचित्रांसाठी गूगल लेन्स आणि टिनआय ही दोन्ही साधने वापरावीत, कारण एकाला न सापडलेले दुसऱ्याला सापडते.

सापडलेल्या सगळ्याच नकला काढण्याच्या मागे लागू नये. शोधात आपल्यापेक्षा वर येणारी, फवारणीविषयी शिळी किंवा बदललेली माहिती देणारी, आपले नाव वा चेहरा वापरून काही विकणारी आणि आपल्या मजकुराभोवती जाहिराती लावून कमावणारी पाने आधी घ्यावीत. कुणीही न वाचणारी मृत पाने राहू द्यावीत. त्यांच्यामागे घालवलेला वेळ पुढच्या लेखाला दिलेला बरा.

पुरावा आधी, संपर्क नंतर

समोरच्याला सुगावा लागला की तो पान बदलतो किंवा प्रकाशनाची तारीख मागे ढकलतो. तारीख मागे ढकलणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि मग त्याचाच लेख आधीचा दिसू लागतो. म्हणून पानावर छापलेल्या तारखेला पुराव्यात फारसे महत्त्व देऊ नये. तिऱ्हाईताने ठेवलेली नोंद उपयोगी पडते. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पान जतन करण्याची सोय आहे. आपला प्रत्येक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाल्याच्या दिवशीच तेथे जतन करावा आणि नक्कल सापडली की तिचे पानही तेथेच जतन करून घ्यावे.

मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटमध्ये पानाचा पूर्ण पत्ता बहुधा दिसत नाही, त्यामुळे असा पुरावा अर्धवट राहतो. तालुक्याच्या गावी सेवा केंद्रातील संगणकावर बसून पानाची पीडीएफ करावी. छपाईच्या पर्यायांत शीर्ष आणि तळटीप दाखवण्याची खूण चालू ठेवली की पत्ता व दिनांक कागदावर येतो. काम झाल्यावर तेथील संगणकावरून आपले खाते बंद करण्यास विसरू नये. छायाचित्रांच्या मूळ फाइली कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून थेट जपाव्यात, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्र म्हणून गेलेल्या प्रतीतून कधी आणि कोणत्या यंत्राने काढले याची अंतर्गत माहिती निघून जाते. मोठ्या आकाराची मूळ फाइल ज्याच्याकडे आहे त्याचे म्हणणे सहज खोडता येत नाही.

प्रकरण न्यायालयात जाईल असे वाटत असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा तिचा आकडी ठसा) नोंदवावे लागते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, मूळ साधनच न्यायालयात हजर केले नसेल तर ते अनिवार्य असल्याचे सांगितले होते. त्यामुळे नुसत्या प्रिंटचा गठ्ठा घेऊन वकिलाकडे जाऊ नये.

पुन्हा येण्याची कारणे आणि त्यांवरचे उपाय

पहिले आणि सर्वात जास्त आढळणारे कारण आपल्याच संकेतस्थळाची फीड हे आहे. वर्डप्रेस आणि ब्लॉगर दोन्ही प्रत्येक नवा लेख फीड नावाच्या यंत्रवाचनीय प्रवाहात आपोआप टाकतात. नक्कल करणाऱ्याची आज्ञावली तो प्रवाह वाचून लेख आपल्या पानावर चढवते आणि त्यात माणसाचा हातही लागत नाही. असे होत आहे का, हे तपासण्याची रीत सोपी आहे. नवा लेख प्रसिद्ध करताना त्यात एक निरुपद्रवी खुणेचे वाक्य ठेवावे आणि काही वेळाने ते काढून टाकावे. नकलेत ते वाक्य तसेच राहिले असेल आणि ती नक्कल प्रसिद्धीनंतर लगेचच आली असेल, तर मजकूर यंत्राने ओढला जात आहे असे समजावे. फीड तशीच उघडी ठेवून तक्रारींवर तक्रारी करणे म्हणजे फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी) न उपटता बोंडअळीवर फवारण्या करत राहणे होय.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वाचनविषयक पानावर फीडमध्ये पूर्ण मजकुराऐवजी सारांश देण्याचा पर्याय आहे. ब्लॉगरमध्ये साइट फीडच्या सेटिंगमध्ये फीड संक्षिप्त करता येते आणि तिच्या तळाशी स्वतःची ओळ जोडता येते. त्या तळटीपेत ‘हा लेख मूळ अमुक संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला’ असे वाक्य आणि मूळ लेखाचा दुवा द्यावा, म्हणजे यंत्राने मजकूर ओढलाच तर आपला पत्ताही सोबत जातो. लेखाच्या आतही आपल्याच जुन्या लेखांचे पूर्ण दुवे ठेवावेत. आळशी नक्कलकार ते काढत नाही आणि त्याच्याकडचा वाचक आपल्याकडे येतो. फीडवरून वाचणारे प्रामाणिक वाचक सारांशामुळे थोडे नाराज होतात, हा तोटा मान्य करूनच हा बदल करावा लागतो.

दुसरे कारण म्हणजे एकाच माणसाची अनेक संकेतस्थळे. एक पान बंद झाले की तो तोच साठा दुसऱ्या डोमेनवर (संकेतस्थळाच्या वेगळ्या नावपत्त्यावर) चढवतो. हे ओळखण्यासाठी जाहिरातींच्या खात्याचा क्रमांक पाहावा. बहुतेक जाहिरातवाल्या संकेतस्थळांच्या मुळाशी ‘एड्स डॉट टीएक्सटी’ नावाची उघडी फाइल असते आणि तीत प्रकाशकाचा खातेक्रमांक लिहिलेला असतो. वरवर वेगळ्या नावांच्या तीन संकेतस्थळांवर तोच क्रमांक सापडला तर मालक एकच असण्याचा दाट संभव असतो. अशा वेळी तिन्हींची यादी एकत्र करून जाहिरात कंपनीकडे तक्रार करावी. गूगलच्या कायदेशीर तक्रारीच्या पानावर शोध, ब्लॉगर, यूट्यूब आणि जाहिराती यांच्यासाठी वेगवेगळे पर्याय आहेत, आणि शोधासाठी केलेली तक्रार जाहिरातींच्या विभागाकडे आपोआप जात नाही. माझ्या अंदाजाने नक्कलकाराला पान गेल्याचे दुःख फारसे होत नसते, जाहिरातीचे खाते अडचणीत आल्याचे मात्र होते.

तिसरे कारण गैरसमजाचे आहे. गूगल शोधातून निकाल काढला म्हणजे पान काढले गेले असे नव्हे. पान जागेवरच असते, फक्त त्या शोधयंत्रात दिसत नाही, आणि तेही तक्रारीत दिलेल्या नेमक्या पत्त्यापुरतेच. नक्कलकाराने पत्त्यातील एखादा शब्द बदलला की तेच पान नव्या पत्त्याने शोधात येते. म्हणून तक्रारीत त्या संकेतस्थळाचे नुसते मुखपृष्ठ न देता प्रत्येक चोरीच्या पानाचा पूर्ण पत्ता आणि त्यासमोर आपल्या मूळ पानाचा पत्ता द्यावा, आणि शोधाची तक्रार केल्यावर होस्टिंग कंपनीला (संकेतस्थळाला सर्व्हरवर जागा देणाऱ्या कंपनीला) वेगळे लिहावे. याच्या उलटही घडते, म्हणजे पान खरोखर निघालेले असते पण शोधात त्याचा जुना सारांश दिसत राहतो. तेव्हा नवी कॉपीराइट तक्रार न करता कालबाह्य निकाल ताजा करण्याचे गूगलचे वेगळे साधन वापरावे.

एखाद्याने हाताने, शब्द फिरवून नक्कल केली असेल तर फीडचे उपाय लागू पडत नाहीत. माउसची उजवी कळ बंद करणे, मजकूर निवडताच येणार नाही अशी आज्ञावली लावणे यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे; फोनच्या कॅमेऱ्यातून मजकूर उचलणे आता कुणालाही जमते, आणि त्रास होतो तो लेखातील औषधाचे नाव दुकानदाराला पाठवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला. छायाचित्रावर आपले नाव कोपऱ्यात टाकले तर ते कापले जाते, म्हणून ते फळावर किंवा पानावर, विषयाला झाकणार नाही पण कापताही येणार नाही अशा जागी फिकट ठेवावे.

कोणाला आणि कसे लिहावे

तालुक्याच्या ठिकाणचे एखादे बातम्यांचे पोर्टल असेल आणि ते चालवणारा माणूस ओळखीतला किंवा ओळखीच्याच्या ओळखीतला असेल, तर पुरावा जतन केल्यावर सरळ फोन करावा. ‘भाऊ, तो फोटो आमच्या बागेतला आहे, नाव आणि दुवा टाका नाही तर काढून घ्या’ एवढ्यावर बहुतेक प्रकरणे मिटतात, आणि पुढे त्याच पोर्टलवर आपल्या नावाने लेख छापून आल्याचीही उदाहरणे आहेत. चेहरा नसलेल्या, केवळ यंत्रावर चालणाऱ्या संकेतस्थळाला मात्र विनंती करण्यात अर्थ नाही.

अशा संकेतस्थळाच्या डोमेनची नोंद आयकॅन या डोमेन नावांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या शोधपानावर पाहता येते. मालकाचे नाव आता बहुधा झाकलेले असते, पण डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीचे नाव आणि गैरवापराच्या तक्रारीचा पत्ता मिळतो. संकेतस्थळ कोणाच्या सर्व्हरवर आहे हे शोधताना अनेकदा क्लाउडफ्लेअरचे नाव पुढे येते; ही कंपनी बहुधा मजकूर साठवत नाही, मध्ये आडोसा म्हणून उभी असते. तिच्या तक्रार अर्जात कॉपीराइटचा पर्याय निवडून माहिती भरली की ती तक्रार खऱ्या होस्टिंग कंपनीकडे पोहोचवते आणि त्या कंपनीचे नाव आपल्याला कळवते. तेथून पुढचे पत्र थेट होस्टिंग कंपनीला लिहावे.

कंपनी अमेरिकेतील असेल तर तेथील १९९८ च्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट) या कायद्यानुसार सूचना द्यायची असते. भारत आणि अमेरिका दोन्ही बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराचे सदस्य असल्यामुळे आपल्या गावात लिहिलेल्या मराठी लेखालाही तेथे संरक्षण आहे आणि त्यासाठी अमेरिकेत नोंदणी लागत नाही. सूचनेत आपली मूळ कृती कोणती, चोरीची प्रत नेमकी कोठे आहे, आपला संपर्क आणि आपली सही एवढे द्यावे लागते. त्याबरोबर हा वापर मालकाच्या किंवा कायद्याच्या परवानगीने झालेला नाही असा आपला प्रामाणिक विश्वास असल्याचे, आणि दिलेली माहिती अचूक असून आपण मालक किंवा त्याचे अधिकृत प्रतिनिधी असल्याचे, खोटे ठरल्यास शिक्षेस पात्र राहून केलेले विधान लागते. ही विधाने गाळली तर सूचना अपुरी ठरते. इंग्रजी साधे असले तरी चालते. संतापाची विशेषणे मात्र टाळावीत, कारण पलीकडचा कर्मचारी पत्ते आणि विधाने तपासतो आणि आपला राग त्याच्या उपयोगाचा नसतो. जाणूनबुजून खोटी सूचना दिल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी आपल्यावर येते, हेही ध्यानात ठेवावे.

होस्टिंग भारतातील असेल तर वाट वेगळी आहे आणि तिच्यातील एक अट अनेकांना ठाऊक नसते. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(ग), म्हणजे इंग्रजी प्रतीतील ‘सी’ खंड, आणि कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ यांनुसार लेखी तक्रार मिळाल्यावर मजकुराची जागा पुरवणाऱ्याने तक्रारीबाबत समाधान झाल्यास ३६ तासांच्या आत तो लोकांना मिळणार नाही अशी व्यवस्था करायची असते. परंतु ही व्यवस्था २१ दिवसांसाठी असते, आणि तक्रारीतच आपण सक्षम न्यायालयात दावा दाखल करून त्या मुदतीत आदेश सादर करू असे हमीपत्र द्यावे लागते. आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला करण्याची मुभा कंपनीला आहे. भारतातील कंपनीकडून काढलेली नक्कल तीन आठवड्यांनी परत दिसली तर त्यामागे बहुतेकदा हेच असते. म्हणून दावा लावण्याची तयारी नसेल तर भारतीय कंपनीला आधी तिच्या स्वतःच्या अटींचा भंग म्हणून लिहावे. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार मध्यस्थ कंपन्यांना (इतरांचा मजकूर साठवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या कंपन्यांना) तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, त्याला पत्र पाठवावे. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारने स्थापन केलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.

यूट्यूबवरील चोरीची तक्रार यूट्यूबच्याच अर्जावर करावी. त्या अर्जात तीच चित्रफीत पुढे पुन्हा चढवली जाऊ नये यासाठी प्रती रोखण्याचा पर्याय असतो. ‘पुन्हा’च्या रोगावर इतका थेट इलाज दुसऱ्या कोणत्याही मोठ्या मंचावर मला सहज सापडत नाही, तरी तो न निवडताच अर्ज पाठवले जातात. टेलिग्रामवरील वाहिन्या बंद केल्या तरी नव्या नावाने निघतात. शिकवणीचे साहित्य अशा वाहिन्यांवर वाटले गेल्याच्या एका शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये टेलिग्रामला वाहिनीचालकांची माहिती देण्याचा आदेश दिला होता, त्यामुळे वाहिनी निनावी आहे म्हणून मालक कायमचा अज्ञात राहतो असे समजण्याचे कारण नाही.

तक्रार करताना आपले नाव गुप्त राहत नाही. गूगल शोधाच्या तक्रारींची प्रत लुमेन या सार्वजनिक संग्रहात जाते, यूट्यूबवर हटवलेल्या चित्रफितीच्या जागी तक्रारदाराचे नाव दिसते आणि होस्टिंग कंपनी पूर्ण पत्र नक्कलकाराकडे पाठवू शकते. विशेषतः एकट्याने काम करणाऱ्या स्त्रियांनी घरचा पत्ता आणि नेहमीचा मोबाइल क्रमांक देण्याऐवजी तक्रारींसाठी वेगळा ईमेल ठेवावा आणि शक्य असल्यास वकिलाला किंवा विश्वासू व्यक्तीला लेखी अधिकार देऊन त्याच्यामार्फत तक्रार करावी.

उलट सूचना आली तर

डीएमसीएखाली समोरचा उलट सूचना देऊ शकतो, आणि मग आपण न्यायालयात गेल्याचे कळवले नाही तर साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावला जातो. हे पत्र पाहून अनेकजण खचतात, पण त्याचा एक फायदाही असतो. उलट सूचनेत त्याला स्वतःचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि यंत्राआडचा माणूस बहुतेकदा तेथेच पहिल्यांदा उघड होतो. सराईत नक्कलकार म्हणूनच या वाटेला फारसा जात नाही.

आपले नाव किंवा छायाचित्र वापरून कुणी संत्र्याची कलमे, बियाणे किंवा औषधांच्या नावाखाली आगाऊ पैसे घेत असेल तर तो विषय कॉपीराइटपुरता राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६सी (ओळखीची चोरी) आणि ६६डी (तोतयागिरी करून फसवणूक) लागू होऊ शकतात, आणि ज्याचे पैसे गेले त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर वेळ न घालवता कळवावे, म्हणजे पुढच्या खात्यात जाण्याआधी रक्कम थांबवण्याची शक्यता राहते. आपण स्वतः राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून आपल्या संकेतस्थळावर ठळक सूचना लावावी.

निव्वळ मजकूरचोरीची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात सांगितले आहे. त्या निकालाची प्रत तक्रारीला जोडावी. दिवाणी दाव्यासाठी नक्कलकाराच्या शहरात जावेच लागते असे नाही, कारण त्याच कायद्याच्या कलम ६२ नुसार दावा लावणारा जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयातही तो दाखल करता येतो. दाव्याचे मूल्य तीन लाख रुपये किंवा अधिक असून तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीची पायरी पूर्ण करावी लागते. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लागता त्याच प्राधिकरणाकडून वकील मिळू शकतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात किंवा तालुका समितीकडे करावा आणि सोबत मूळ फाइली, जतन केलेल्या पानांचे पत्ते व आतापर्यंतच्या पत्रव्यवहाराची तारीखवार यादी न्यावी.